दुसरे तेरा भाग

रविवार, २२ जानेवारी १९८९. डोंबिवली

दिवाळीत आमच्या मालिकेचा निर्माता चंदूशेठ याने ही वही दिलेली. इतके दिवस कोरीच होती. आज उघडली, कारण २ फेब्रुवारीच्या गुरुवारपासून 'फाईल नंबर सत्तावीस' पुन्हा टीव्हीवर येतेय. पुढचे तेरा भाग. या दिवसांत जे घडेल ते टिपून ठेवावं म्हटलं. मोठ्या लेखकांच्या दैनंदिन्या पुढे छापल्या जातात. हेही मनात आहे, स्वतःच्या वहीत खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी पहिले तेरा भाग झाले तेव्हा फडके रोडवरचा इस्त्रीवाला गुरुवारी साडेसातला इस्त्री बाजूला ठेवून समोरच्या घड्याळाच्या दुकानात टीव्ही बघायला जायचा. मला पाहिलं की उठून जागा द्यायचा. एकेचाळीस वर्षांत मला कुणी उठून जागा दिली नव्हती.

गोष्ट माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. मी सरकारी कचेरीतला कारकून. अपघाती मृत्यूंचे कागद माझ्या टेबलावरून जातात. चार वर्षांपूर्वी त्यांत कान्हाची फाईल आली. खाडीकाठच्या कोळीवाडीतला पोरगा, वय सव्वीस. रसायनाचा एक कारखाना भरतीच्या वेळी खाडीत घाण पाणी सोडतो, मासळी मरते, म्हणून अर्ज करत फिरायचा. तिसऱ्या अर्जानंतर आठवड्याभराने चिखलात सापडला. पोलिसांनी लिहिलं, दारूच्या नशेत बुडून मृत्यू. पण फाईलमध्ये कारखान्याच्या रखवालदाराचा जबाब होता. त्यात दोनच वाक्यं. संध्याकाळी कान्हाला फाटकातून आत घेतलं. बाहेर जाताना मी त्याला पाहिलं नाही. पुढे त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. फाईल बंद.

कान्हाची आई जनाबाई नक्कल मागायला आली होती तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर तीन तास बसून होती. "माजा पोरगा दारूला शिवत नव्हता, भाऊ," एवढंच पुन्हा पुन्हा. मी तिच्याशी बोललो, आणि मग लिहायला बसलो. कान्हाचा गणू केला, बाकी तसंच ठेवलं. तेराव्या भागात इन्स्पेक्टर गणूच्या आईला सांगतो, "आई, ही फाईल मी बंद करणार नाही." त्यावर मालिका संपली. दुसऱ्या दिवशी जनाबाई सुक्या सोड्यांची पिशवी घेऊन कचेरीत हजर. तिनं विचारलं, "आता पुढचे भागात तो रखवालदार बोलंल ना?"

मी म्हटलं, बघू.

रविवार, २९ जानेवारी

मालूने नव्या भागांचं बाड वाचलं. मी दाखवणार नव्हतो, तिने कपाटातून काढलं. दहा भाग लिहून झालेत, त्यातले सहा चित्रित झालेत.

"म्हणजे गणूला त्याच्या बायकोनं मारलं?"

"तिनं आणि तिच्या ओळखीच्या एका माणसानं. नवव्या भागात कळतं."

"आणि कारखाना?"

"कारखाना आहे की. पार्श्वभूमीला."

तिने कागद नीट लावून माझ्या हातात दिले आणि मिरच्या आणायला सांगितल्या. बायको या नात्याने तिने दोन शब्द बरे बोलायला हरकत नव्हती. बाहेरचे लोक बोलतात.

ती समजते तसं ते सोपं नव्हतं. सप्टेंबरमध्ये टेंभी नाक्याला चंदूशेठच्या ऑफिसात बैठक झाली. निर्माता तो, पैसा तो उभा करतो. नवा प्रायोजक रंग बनवणारी कंपनी. चंदूशेठ म्हणाला, "मधुभाऊ, खाडीकाठचा तो कारखाना त्यांचाच आहे. ते स्वतःच्या तोंडाला काळं फासायला जाहिरात देणार का? कारखाना नको. एखादी बाई आणा. लफडं आणा. लोकांना घरातला खून आवडतो." मी म्हटलं, विचार करतो. आठवडाभर विचार केला. शिवाय मी सरकारी नोकर. कचेरीतला कागद टीव्हीवर गेला असं उद्या कुणी म्हटलं तर खात्याची चौकशी लागेल. बायकोचं पात्र तर पूर्ण माझ्या डोक्यातलं. त्यात कुठला कागद नाही, म्हणून कसली भीतीही नाही. लेखक म्हणून तेच जास्त प्रामाणिक नाही का?

कान्हाला खरोखरची बायको आहे हे मला माहीत होतं. शेवंती. पण मी तिला कधी पाहिलेलं नाही.

गुरुवार, २ फेब्रुवारी

पहिला भाग झाला. आमच्या खोलीत अकरा माणसं. तळमजल्याच्या कमळाबाई पेढे घेऊन आल्या. सुरुवातीचं संगीत लागलं तसे सगळे पुढे सरकून बसले. शेवटी टाळ्या. मात्र त्या मला बघून वाजल्या की भाग बघून, हे कळलं नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

काल तिसरा भाग. गणूची बायको बाजारात एका माणसाकडे बघून हसते, एवढाच प्रसंग. पण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबला की कमळाबाई म्हणाल्या, "हिनंच मारलंय." त्या पुढे म्हणाल्या, "मधुभाऊ, पण असं नसेल ना? फारच सोपं होईल."

आज कचेरीत तिघांनी तेच विचारलं. बडे बाबू म्हणाले, "आम्हाला तिसऱ्या भागात कळलं. तुमच्या इन्स्पेक्टरला कधी कळणार? प्रमोशनच्या आधी की नंतर?" सगळे हसले. मीही हसलो.

बुधवार, २२ फेब्रुवारी

दूरदर्शन केंद्राकडून पत्रांचं पहिलं बंडल आलं. गेल्या वर्षीची पत्रं मी ट्रंकेत जपून ठेवलीत. सातशेच्या वर आहेत. यंदाची एकोणचाळीस, त्यांतली बहुतेक पोस्टकार्डं. शिव्या द्यायला लोक पाकीटसुद्धा वापरत नाहीत.

कल्याणचे एक गृहस्थ: "आपल्या इन्स्पेक्टरला गेल्या वर्षी मेंदू होता. यंदा नुसता गॉगल आहे."

मोहन्याहून कुणी: "गेल्या वर्षी कारखाना दाखवलात तेव्हा आमच्या पाळीतले सगळे लोक चहा टाकून बसायचे. वाटलं, कुणीतरी आपलं बोलतंय. आता तो कारखाना कुठे गेला? जप्त झाला काय?"

ठाण्याची एक कॉलेजकन्या: "लेखक बदलले आहेत का? असल्यास जुन्यांचा पत्ता कळवावा."

हे शेवटचं मी चार वेळा वाचलं. मालूला दाखवलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात रविवारच्या पुरवणीत आलं. 'सत्तावीस नंबरची फाईल रद्दीत.' लिहिणारा स्वतः एक एकांकिका धड लिहू शकलेला नाही. म्हणतो, पहिल्या मालिकेत चिखलाचा वास यायचा, दुसरीत पावडरचा येतो.

फडके रोडवर गेलो होतो. इस्त्रीवाला उठला नाही. गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण त्याने पाहिलं होतं मला.

या लोकांसाठी मी रजा घालवल्या, डोळे घालवले. यांना नक्की काय हवंय? दर वर्षी तेच तेच द्यायचं का? कारखाना, अर्ज, आईचं रडणं? लेखकाने काही नवीन करू नये? गेल्या वर्षी यांनीच खांद्यावर घेतलं, यंदा यांनीच टाकलं. खांदा यांचा, मर्जी यांची.

बुधवार, ८ मार्च

आज फार दिवसांनी बरं वाटलं.

आमचा शिपाई राघो त्या कोळीवाडीच्या शेजारच्या गावचा. चहा देताना म्हणाला, "साहेब, तुमची मालिका वाडीत लय जोरात चाल्लीय. पंचायतीच्या टीव्हीसमोर बसायला जागा नाय. म्हातारे पन येतान."

मी म्हटलं, "आवडतेय का?"

"आवडतेय म्हंजे? सगला विश्वास हाय लोकांचा. बोलतान, आता खरा काय झाला ते कललं. गेल्या टायमाला अर्धंच सांगितलेलं."

शिकल्यासवरलेल्या डोंबिवलीला जे पटत नाही ते तिथे पटतं. त्यांच्याच जगातली गोष्ट, म्हणून त्यांना पात्रं खरी वाटतात. लेखकाला अजून काय पाहिजे? त्या रविवारवाल्याला वाडीत नेऊन बसवायला हवं.

घरी येऊन मालूला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय पटतं त्यांना?"

"गोष्ट."

"कुठली गोष्ट पटते?"

तिचं हल्ली असंच आहे. प्रश्न विचारायचा आणि माझ्याकडे न बघता भाजी निवडत राहायचं.

सोमवार, १३ मार्च

राघो म्हणाला की वाडीतल्या बायका शेवंतीला नळावर शेवटचा नंबर देतात. मी विचारलं, आधी कितवा असायचा? त्याला सांगता येईना. म्हणजे ऐकीव माहिती. बायकांची नळावरची भांडणं काही टीव्हीमुळे सुरू झालेली नाहीत.

त्याने आणखी एक सांगितलं. कान्हाचा थोरला भाऊ दामाजी त्या कारखान्यात मुकादम म्हणून लागला. जानेवारीपासूनच. चांगलं झालं. घरात कुणीतरी कमावतं हवंच.

शुक्रवार, १७ मार्च

काल सातवा भाग. बायको त्या माणसाला चोरून डबा नेऊन देते. कमळाबाई आता आमच्याकडे येत नाहीत, स्वतःच्या घरी बघतात. किंवा बघतच नाहीत. खालून त्या वेळी रेडिओचा आवाज येत होता.

मालू बाजारातून आली आणि म्हणाली, "आपण जिच्याकडून बोंबील घ्यायचो ना, कोपऱ्यावर बसायची ती, हिरव्या लुगड्यातली?"

"माझ्या लक्षात नाही."

"तिचं नाव शेवंती. मला आज कळलं. बाकीच्या कोळणींनी तिला तिथून उठवलं. तिच्या शेजारी कुणी पाटी मांडायला तयार नाही. आता पुलाखाली बसते. एकटी."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. मी विचारलं, इथे का बसलीस? ती म्हणाली, टीव्हीवर आलंय ना माझं. मला वाटलं मस्करी करतेय. हसत होती पण. बाई, दोनच बोंबील घेताय? म्हणाली. मी सगळे घेतले."

ओट्यावर बोंबलांचा ढीग होता. आम्ही दोनच माणसं. इतके कोण खाणार? हेच मी बोललोही. मालूने एवढंच विचारलं, "तुझं नाव तिला सांगायला हवं होतं का रे मी?"



गुरुवार, २३ मार्च

शिमगा झाला. आमच्या चौकात पोरांनी मालिकेची नक्कल केली. एक जण गॉगल लावून इन्स्पेक्टर, आणि होळीभोवती फिरत "खुनी कुठाय, खुनी कुठाय?" करत होता. बाकीचे ओरडत होते, "मागे बघ, तिसऱ्या भागापासून उभीय." मी गॅलरीत होतो. खालून कुणीतरी मला नमस्कार केला. लोक किती खुनशी असतात.

सकाळी कचेरीत राघोचा चेहरा उतरलेला. खूप विचारल्यावर सांगितलं. वाडीत होळी पेटली तेव्हा तोंडावर हात मारून बोंब मारली ती शेवंतीच्या नावाने. तशी रीतच आहे, शिमग्याला कुणाच्याही नावाने मारतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. पण राघो म्हणाला, या वेळी पोरंटोरं नव्हती, बाप्ये होते. तिच्या दारासमोर जाऊन मारली. तिची मुलगी गोदा पाच वर्षांची, ती पण त्यांच्याबरोबर तोंडावर हात मारायला लागली. तिला वाटलं खेळ आहे.

जनाबाईने दार उघडून पाण्याची कळशी त्यांच्या अंगावर ओतली म्हणे. म्हातारी सुनेच्या बाजूने आहे, तोवर ठीक.

सोमवार, २७ मार्च

जनाबाई कचेरीत आली. या वेळी रिकाम्या हातांनी. व्हरांड्यात त्याच बाकावर बसली. मी अर्धा तास फाइली चाळत राहिलो. शेवटी उठून गेलो.

"भाऊ, तुमी आमच्यावर राग धरला काय?"

"नाही हो. राग कसला?"

"मंग असा काय लिवला? शेवंती चार दिस जेवली नाय. पंच बसनार हायेत. दामाजी बोलतो, तिला घरातून काढ. सगा दीर बोलतो. माजा लेक जेला तवा हीच माज्या उशाला बसून होती. मना माहीत हाय ना."

मी तिला सांगितलं की ही कल्पित गोष्ट आहे. कल्पित म्हणजे डोक्यातून काढलेली. तिने नीट ऐकून घेतलं.

"मंग डोक्यातून दुसरी काढा," ती म्हणाली. "अजून भाग बाकी हायेत ना? तो रखवालदार बोलवा. त्यानं सांगितलं की झालं. लोकं टीव्हीचा ऐकतान. माजा नाय ऐकत."

शेवटचे तीन भाग अजून चित्रित व्हायचे आहेत. बदलता येतील. मी म्हटलं, "प्रयत्न करतो."

ती उठली. जाताना माझ्या दंडाला हात लावला. मालिकेत त्या इन्स्पेक्टरला आईने तसाच हात लावलेला मी लिहिला होता. तेव्हा मला फार जमून आल्यासारखं वाटलं होतं.

शनिवार, १ एप्रिल

चंदूशेठकडे जाऊन आलो. नवे तीन भाग लिहून नेले होते. गेल्या पाच दिवसांत लिहिले, आणि चांगले आहेत. वर्षभरात मी लिहिलेलं सगळ्यांत चांगलं. अकराव्या भागात रखवालदार बोलतो. बाईवरचा संशय खोटा ठरतो, इन्स्पेक्टर तिची माफी मागतो. मालूने काल वाचले. वाचून झाल्यावर न मागता मला पुन्हा चहा दिला.

चंदूशेठने पहिली चार पानं वाचली. मग खिडकीतून खाली बघत राहिला. म्हणाला, "मधुभाऊ, हे छान आहे. हेच तर लोकांना हवं होतं."

मी म्हटलं, "मग करू या."

"नाही करता येणार. आणि का नाही, ते तुम्हाला माहीत आहे." त्याने कागद माझ्याकडे सरकवले. "कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं, हा रखवालदाराचा मजकूर तुमच्या लेखकाला गेल्या वर्षी कुठून मिळाला? मी म्हटलं, कल्पना असेल. ते म्हणाले, कल्पनाच असू दे. तुम्ही कुठे नोकरी करता तेही त्यांना ठाऊक आहे, हां. मी नाही सांगितलं."

मी पाणी प्यालो. मग त्याने विषय बदलला. पुढच्या वर्षी कौटुंबिक मालिका काढतोय, सव्वीस भागांची. त्यात माझंच नाव धरलंय. "ह्या वर्षीचं लोक विसरतील. लोकांना काय, गुरुवार ते गुरुवार आठवण."

मी वाद घातला. घातला का? मी म्हटलं, "निदान बाईला शिक्षा तरी दाखवू नका." तो म्हणाला, बघतो. याला वाद म्हणायचा तर म्हणावा.

घरी आल्यावर मालूने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "चित्रीकरणाच्या तारखा आधीच लागल्यात. उशीर झाला." तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं कळतं. मला वाटतं, कळतं. विचारायची माझी हिंमत नाही.

सोमवार, १० एप्रिल

राघो: पंच बसले. शेवंतीने वाडीत राहू नये, होडीवरून कुणी तिला मासळी देऊ नये. ती वसईकडे माहेरी गेली. गोदाला आजीकडे ठेवलं. बापाचं रक्त, ते वाडीतच राहिलं पाहिजे, असं दामाजी म्हणाला.

मी राघोला विचारलं, "जनाबाई काय म्हणाली?"

"ती बोलली, मधुभाऊ अजून लिवतान. शेवटचा भाग बगा आनि मंग काय ते ठरवा. पंच हसले."

गुरुवार, २७ एप्रिल

तेरावा भाग. बायकोला जन्मठेप. शिक्षा ऐकून ती हसते, हे दिग्दर्शकाने स्वतःच्या मनाने घातलं. इन्स्पेक्टर फाईलला लाल फीत बांधतो आणि म्हणतो, "फाईल बंद."

आम्ही दोघंच बघत होतो. मालू नावांची पाटी संपायच्या आत उठली आणि तिने टीव्हीचं बटण दाबलं. माझं नाव यायचं होतं.

शनिवार, २९ एप्रिल

शेवटचं बंडल. आठ पत्रं. पैकी एक पुरतं उतरवून ठेवतो. डोंबिवली पूर्वेहून, निवृत्त शिक्षक:

"महोदय, आपली मालिका संपली. आम्ही ती विसरू, कारण तिच्यातलं काहीच खरं वाटलं नाही. आपण हुशार आहात, पुन्हा लिहाल. वाईट लिहिल्याने कुणाचं नुकसान होत नाही, एवढा दिलासा बाळगावा."

हे पत्र मी मालूला दाखवलं. तिने वाचलं आणि विचारलं, "उद्या रविवार आहे. वाडीत जाणार आहेस की नाही?"

रविवार, ३० एप्रिल

गेलो.

वाडीत शिरताना पहिल्यांदा कळलं की मी इथे कधी आलोच नव्हतो. पहिले तेरा भागही बाकावरच्या गप्पांवर लिहिले. मासळी वाळत घालतात त्या बांबूंवर फार काही नव्हतं. खाडीचं पाणी काठाला तांबूस दिसलं.

दामाजीच्या ओटीवर सात-आठ माणसं जमली. दामाजी धिप्पाड, बोलायला शांत. मला खुर्ची दिली. आजूबाजूच्या बायका पदर सावरून उभ्या राहिल्या, लेखक आला म्हणून. मी सरळ सांगितलं. नवीन भागांत जे दाखवलं ते मी मनाने रचलं, त्यात काडीचंही खरं नाही. शेवंतीला परत आणा.

मग दामाजी म्हणाला, "साहेब, तुमी कचेरीतले. कान्हाचे कागद तुमच्या हातातून जेले. आता तुमाला बाईची दया आली, ते आमी समजतो."

"दया नाही. मी खोटं लिहिलं."

"मंग पयले तेरा भाग पन खोटे?"

"नाही. ते खरे होते."

"म्हंजे तुमी खरा पन लिवता नि खोटा पन लिवता." तो रागावला नव्हता. समजावून सांगितल्यासारखा बोलत होता. "टीव्हीवर दोनी सारखेच दिसतान. आमी वलखायचा कसा?"

एक म्हातारा म्हणाला, "शेरातले लोकं काय बोलतान, त्यांना पटला?" मी म्हटलं, नाही, शहरात कुणालाच पटलं नाही. त्यावर दोघं-तिघं हसले. त्यांना मी खोटं बोलतोय असं वाटलं.

जनाबाई तिच्या दारात उभी होती. तिने मला खुणेने बोलावलं. आत गोदा चुलीपाशी बसून भाकरीचा तुकडा खात होती. म्हातारी महिन्याभरात वाळून गेली आहे. मला बसायला सांगितलं नाही. दामाजी मागून येऊन उंबऱ्याबाहेर थांबला.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "मी शेवटपरत वाट बगितली. मना वाटला, तुमी रखवालदार आनाल. नाय आनला. मंग मी इचार केला. एवडे शिकलेले मानूस, कागद बगितलेले, ते उगाच कशाला लिवतील? चार वरसं जेली. कुनी मना नाव सांगितला नाय. टीव्हीनं सांगितला. खोटा असंल, पन सांगितला तरी."

"खोटंच आहे ते, जनाबाई. शेवंतीनं काही केलं नाही."

"मंग कोन?"

मी दामाजीकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून खाडीकडे बघत होता. इथे बोललेलं उद्या सकाळी कारखान्यात पोचेल आणि परवा माझ्या कचेरीत. रखवालदाराची ती दोन वाक्यं मला पाठ आहेत. तारीख, सही, अंगठा, सगळं डोळ्यांपुढे आहे. सांगायला अर्ध्या मिनिटाचं काम.

"तुमी कागद बगितला," ती म्हणाली. "तुमी बोला. मी आयकते. मंग मी स्वता वसईला जाऊन तिला घेऊन येते, पंच काय करतान ते बगू. फकस्त नाव सांगा. कोन?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मान हलवली, खाली वाकून गोदाला कडेवर घेतलं.

"म्हंजे तीच," ती म्हणाली.